अक्का काय म्हणाल्या

लाइट येईपर्यंत सांगते. फक्त तुमचे फोन जरा पालथे घाला. त्यांचा उजेड समोर असला की मला हे बोलवत नाही.

मी मूळची नागपूरची. समाजशास्त्रात पीएच.डी. करायला बेंगळुरूला आले आणि इंदिरानगरला निधी नावाच्या मुलीबरोबर फ्लॅटमध्ये राहू लागले. माझा विषय होता मोबाईलवरचे ग्रुप. तिथे आपलं कोण आणि परकं कोण हे माणसं कसं ठरवतात, कुणाचं ऐकतात, कुणाला गप्प बसवतात, हे मला पाहायचं होतं. पिढ्यान्पिढ्या या शहरात राहिलेल्या मराठी कुटुंबांचा एक मोठा ग्रुप आहे असं कळलं, म्हणून एका सकाळी बसवनगुडीत मुकुंदरावांच्या भांड्यांच्या दुकानात गेले. ग्रुप तेच चालवत. साठीचे, हसरे, कपाळाला गंध.

"अभ्यासाला ना? सरी, सरी," ते म्हणाले, कानडीत 'बरं, बरं' म्हणतात तसं. "स्वल्प बसा, कॉफी घ्या. आमच्या ग्रुपात भांडण नाही बघा. एवढी माणसं, पण एक शब्द वाकडा नाही."

भांडण नसलेला ग्रुप मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे मला त्यात घेतलं.

ग्रुप खरंच गोड होता. सकाळी देवांचे फोटो, दुपारी कुणाच्या मुलीसाठी स्थळ, कुणाच्या घरच्या पुरणपोळ्या. एकच गोष्ट खटकायची. मध्येच, काही कारण नसताना, पाचदहा जण एकदम लिहायचे, "हो अक्का." "सरी अक्का." "अक्का म्हणतात तेच बरोबर." गुरुजी वर्गात आले की मुलं एकदम उभी राहतात ना, तसं. पण त्याआधी अक्कांचा मेसेज नसायचा. मी वर जाऊन पाहायची. काहीच नसायचं. वाटलं, या बाई सगळ्यांना फोन करत असतील.

मग एक दिवस रूपश्री नावाच्या मुलीने ग्रुपवर विचारलं, "या अक्का म्हणजे कोण? त्यांचे मेसेज मला का दिसत नाहीत?"

कुणी उत्तर दिलं नाही. त्यात मला विशेष वाटलं नाही, नको त्या प्रश्नाला ग्रुप असाच गप्प होतो. पण काही दिवसांनी तिने लिहिलं, "घरात गॅसचा वास येतोय. मी एकटी आहे. जवळ कुणी आहे का? प्लीज..."

त्याच्या खालोखाल शारदाबाई नावाच्या बाईंचा मेसेज आला, "आज ग्रुप किती शांत आहे!" त्यावर हसरे चेहरे, हात जोडलेले. या शारदाबाई रूपश्रीच्या सख्ख्या सासूबाई, हे मला नंतर कळलं.

मी तिला फोन लावला. फोन उचलला गेला, पण पलीकडे नुसता श्वास. मग अगदी हळू आवाज आला, "तुम्हाला... माझा आवाज येतोय?"

गॅस तिने स्वतःच बंद केला होता. पण त्या प्रश्नाने मला बसवेना. तिच्याकडून पत्ता घेऊन दुपारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला गेले. स्टेशनामागच्या गल्लीत घर. दार शारदाबाईंनी उघडलं.

"रूपश्रीला भेटायचंय," मी म्हटलं.

न कळणाऱ्या भाषेतलं काही ऐकल्यासारखं त्यांनी हसून मान डोलावली. "बसा ना."

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी बसली होती. पंचविशीची, डोळे खोल गेलेले. शारदाबाई कॉफी घेऊन आल्या, एकच पेला. "एकट्याच आलात एवढ्या लांब?"

"आई, मी इथे आहे," ती मुलगी म्हणाली.

कानाशी डास आल्यासारखी शारदाबाईंनी मान झटकली, आणि त्या आत निघून गेल्या.

मी पेला खाली ठेवला. रूपश्री माझ्याकडे पाहत होती. "तुम्हाला दिसते ना मी?"

"दिसतेस गं."

"आधी उत्तर देईनाशा झाल्या. वाटलं, रागावल्या असतील. मग माझं ताट मांडेनाशा झाल्या. आणि काल..." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. "काल दुपारी मी झोपले होते, तर किरणने पलंगावर चादर अंथरली. बंद खोलीतल्या सामानावर टाकतात ना, तशी. माझ्या तोंडावरून नीट ओढून, कडा खोचल्या."

किरणकुमार म्हणजे तिचा नवरा.

"माहेरी जा," मी म्हटलं.

"गेले होते. ते पण त्याच ग्रुपात. मैत्रिणी, देवळातल्या बायका, खालच्या मजल्यावरचे... माझी सगळी माणसं तिथेच आहेत हो."

"मग सोड तो ग्रुप!"

"सोडला," ती म्हणाली. "कुणाला कळलंच नाही."

मी तिचा हात धरून तिला घराबाहेर काढलं. हात गरम होता, जिवंत होता. रिक्षावाल्याने आरशात दोघींकडे पाहिलं, दोघींना नीट बसायला सांगितलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. म्हणजे परक्यांना ती दिसत होती. फक्त आपल्यांना नाही. मी ठरवलं, मुकुंदरावांना समोरासमोर विचारायचं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर लख्ख ऊन, आत पितळेचा पिवळा अंधार.

"या, या. एकट्याच?"

"रूपश्री आहे बरोबर. ही काय."

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. "ती गेली ना... अक्का म्हणाल्या."

"कोण अक्का? कुठल्या घरातल्या?"

"अक्का म्हणजे... अक्का. सगळ्यांच्या."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

ते विचार करू लागले. खरंच करू लागले, कपाळावर घाम आला. "मला वाटतं, आमच्या ग्रुपातल्या गिरीधरच्या नात्यातल्या. गिरीधर म्हणतो, माझ्या." मग एकदम सुटल्यासारखे म्हणाले, "हे बघा ना, लिहितात की त्या!"

फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. त्यांचं बोट दोन मेसेजांच्या मधल्या रिकाम्या जागेवर थांबलं आणि डावीकडून उजवीकडे सरकू लागलं. ओठ हलत होते. मी वाकून पाहिलं. तिथे काहीही नव्हतं.

तेवढ्यात कुठून तरी वास आला. फार दिवस बंद ठेवलेल्या देवघराचा, कुजलेल्या फुलांचा. फळीवरच्या पराती अगदी बारीक गुणगुणल्यासारख्या थरथरायला लागल्या.

"मुकुंदराव... काय लिहिलंय?"

"आत्ताच आलाय," ते कुजबुजले. बोट सरकत होतं. "'ती... नागपूरची... पोरगी. फार विचारते. तिचं काय करायचं?'"

त्यांनी मान वर केली. पण नजर माझ्यावर ठरेना. माझ्या चेहऱ्यावरून घसरून ती मागच्या कळशीवर जाऊन थांबली.

"कोण आहे?" त्यांनी रिकाम्या दुकानाला विचारलं.

माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. परत थरथरला. मग थांबेचना. शेजारच्या दुकानातला एक फोन वाजला, समोरच्या देवळाच्या पायरीवर कुणाचा तरी, वरच्या माडीत कुणाचा. "सरी अक्का." "बरोबर अक्का." "सरी अक्का."

मी जागची हलले नाही. हलताच आलं नाही. त्या दिवशी मला ओढून बाहेर काढलं ते रूपश्रीने.

इंदिरानगरला पोचलो. निधीने दार उघडलं आणि म्हणाली, "अगं, काय अवतार आहे दोघींचा! ही कोण?" मी तिच्या गळ्यात पडून रडले.

रूपश्री आमच्याकडेच राहिली. किरणकुमारचा फोन आला नाही, माहेरचाही नाही. ग्रुपवर दिवाळीचे फोटो येत राहिले म्हणे, निधीने माझा फोन तपासून तो ग्रुप काढून टाकला तोपर्यंत. पुढे माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीने रूपश्रीला हुबळीच्या शाळेत नोकरी लावून दिली. मुलं तिचं ऐकतात. वर्गात शिरताना ती अजूनही दारात क्षणभर थांबते, कुणीतरी "नमस्ते टीचर" म्हणेपर्यंत. मी विषय बदलला, नंबर बदलला. शहरही सोडलं. वाटलं, सुटलो.

मागच्या आठवड्यात नागपूरहून आईचा फोन आला. भर दुपारी. मी उचलून म्हटलं, "बोल आई."

"हॅलो?" आई म्हणाली. "हॅलो... उल्का?"

"हो, मीच. बोल ना."

"हॅलो? हॅलो?"

रेंज नसेल म्हणून मी गच्चीवर गेले. मोठ्याने हाक मारली. पलीकडचं मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंबसुद्धा. आईने फोन कानापासून दूर धरला असावा, कारण पुढचं वाक्य ती माझ्याशी बोलली नाही. खोलीतल्या कुणाला तरी, आदराने, जरा ओशाळून म्हणाली,

"नाही हो. पलीकडे कुणीच नाहीये."

बाबा गेल्यापासून आई त्या घरात एकटीच राहते.