भिंतीलगतची पांढरी गाडी

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला ऊन लागलं असेल. ऊन होतंच. रविवारची लख्ख दुपार होती आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

माझी भाची डार्सी शर्यतीची गाडी चालवते आणि मी तिचे डोळे. हेल्मेट आणि मानेच्या पट्ट्यांमुळे तिला बाजूचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक चालकाचा एक माणूस प्रेक्षागृहाच्या छपरावर दुर्बीण आणि रेडिओ घेऊन उभा असतो. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला भिंत असते; त्या बाजूला तिच्या शेजारी गाडी असली की मी म्हणायचं ‘बाहेर’, नसली की ‘मोकळं’. मोकळं म्हटलं की ती बेधडक स्टिअरिंग वळवते. आमच्या कॅरोलायनात थापाड्या माणसाला कुणी या छपरावर चढू देत नाही.

त्या दिवशी जिंकली तर पुढच्या वर्षी गाडी, नाहीतर घरी बस, असं गाडीच्या मालकाने तिला तोंडावर सांगितलं होतं.

शेवटच्या दहा फेऱ्या. डार्सी दुसरी. पुढची पिवळी गाडी आतली बाजू सोडायला तयार नव्हती. पायाखालचं छप्पर थरथरत होतं, जळक्या रबराचा वास घशात बसला होता, आणि खरं सांगतो, मला मजा येत होती.

“मामा, बाहेरून काढू?”

“थांब. बाहेर आहे एक. तुझ्या दाराशी.”

पांढरी गाडी. जुन्या घाटाची, भिंतीला खेटून. नंबर नव्हता.

“आता?”

“बाहेर... अजून बाहेर.”

शेजारी एमेट उभा होता, पिवळ्या गाडीचा माणूस. वीस वर्षं आम्ही असेच कोपराला कोपर लावून उभे राहतो.

“काय रे, आज माझ्याकडून लाच घेतलीस की काय? तिच्या बाहेर चिटपाखरू नाही.”

“पांढरी... दिसत नाही तुला?”

एमेटने दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. तो हसला नाही. गाड्यांचे क्रम दाखवणाऱ्या फलकावरही तिथे कुठली गाडी नव्हती.

तीन फेऱ्या. दोन.

“मामा, बोल ना. गेली माझी शर्यत.”

मोकळं म्हटलं आणि ती गाडी खरी असेल तर डार्सी भिंतीवर जाणार. माझ्या बहिणीची एकुलती एक पोर. नसेल आणि मी तिला अडवून धरलं तर माझ्या डोळ्यांपायी तिचं सगळं जाणार. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

“मोकळं,” मी म्हणालो.

ती वळली, सरळ त्या पांढऱ्या दारात. तिसऱ्या वळणापासून चौथ्यापर्यंत मला दोन गाड्यांच्या जागी एकच दिसत होती. मग डार्सी एकटी बाहेर पडली, पिवळीच्या हातभर पुढे, आणि झेंडा पडला. मी नाचलो. एमेटने मला शिवी घातली आणि घट्ट मिठी मारली.

खाली डार्सी खिडकीतून बाहेर आली, हेल्मेट मेकॅनिककडे फेकून टपावर चढली आणि मला हात करू लागली. डोळे पुसत मी कानावरचा रेडिओ काढायला गेलो.

तेवढ्यात आमच्याच वाहिनीवर खरखर झाली. पुरुषाचा आवाज. दमलेला, फार अदबीचा.

“साहेब... तिला सांगितलंत, तसं मलाही सांगा ना. किती वर्षं भिंतीलगतच आहे मी... आता मोकळं आहे का?”