दोन तळ्यांचे मासे

"ओ, कोण आहे तिकडे?"

धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं, आणि आमच्या तळ्यात, कंबरभर पाण्यात, एक अनोळखी माणूस जाळ्यात हात घालून उभा होता.

"मासे चोरताय?" मी काठावरून ओरडले.

तो दचकला. हातातला मासा सटकला आणि जाता जाता त्याच्या चष्म्यावर पाणी उडवून गेला.

"चोरत नाही हो," चष्मा पुसायला कोरडं काही न सापडल्यामुळे तो तसाच अंदाजाने माझ्याकडे बघत म्हणाला. "शेपटीचं टोक तेवढं हवंय."

"काय हवंय?"

"टोक. नखाएवढं. पुन्हा उगवतं ते... आणि मासा परत सोडतो मी. शप्पथ."

पकडलं गेल्यावर लोक नाना सबबी सांगतात, पण शेपटीच्या टोकाची सबब मी पहिल्यांदाच ऐकत होते. हसू दाबत म्हणाले, "आधी बाहेर या. ओठ निळे पडलेत तुमचे."

शेगडीशेजारी बसवून गरम चहा हातात दिल्यावर उलगडा झाला. तो संशोधक होता, माशांच्या पिढ्यांचा अभ्यास करणारा. बाबांनी त्याला फोनवर परवानगी दिली होती आणि मला सांगायला विसरले होते. त्या दिवसापासून बाबा त्याला 'शेपटीवाला' म्हणू लागले.

आमच्या या डोंगरावरच्या तळ्यात पूर्वी मासेच नव्हते. बाबांनी तरुणपणी खालच्या ओढ्यातले, अंगावर लाल ठिपके असलेले मासे कॅनमध्ये भरून, खांद्यावरून वर आणले. वाटेत बरेच मेले. जिवंत पोहोचले ते मूठभर. त्या मूठभरांनी तळं भरलं. मग काठावर आमची हॅचरी उभी राहिली. मादीची अंडी काढायची, ट्रेमध्ये वाहत्या पाण्यात उबवायची, पिल्लं वाढवायची, काही तळ्यात सोडायची, काही विकायची. आमचं घर त्यावरच चालायचं.

पण अलीकडे काहीतरी बिघडलं होतं. ट्रेमधली अंडी पांढरी पडून मरायची. जगलेल्या पिल्लांत कुणाची पाठ वाकडी, तर कुणाच्या कल्ल्यावरचं झाकण अर्धवट. बाबा एका वर्षी पाण्याला दोष द्यायचे, दुसऱ्या वर्षी खाद्याला. मी ट्रे घासून घासून बोटं सोलून घेतली होती. मनातून वाटायचं, बाबांच्या हातात होतं तेव्हा सगळं नीट होतं... माझ्याच हाताला यश नाही.

शेपटीवाला हॅचरीमागच्या खोलीत राहू लागला. प्रत्येक माशाचं टोक कापण्याआधी तो हळूच "सॉरी हं" म्हणायचा. एकदा मी विचारलंच.

"प्रत्येकाला म्हणता?"

"दुखत असेल तर?"

"त्या दिवशी सकाळी सकाळी माझा घसा दुखेपर्यंत मला ओरडायला लावलंत. मला नाही म्हणालात ते."

"तुमचं काही कापलं नव्हतं ना मी..."

"मग कापल्यावर म्हणणार?"

त्याचे कान लाल झाले. कात्री खाली पडली. ती शोधायला तो टेबलाखाली वाकला आणि गरजेपेक्षा बराच वेळ तिथेच राहिला.

मग ती टोकं काचेच्या नळ्यांत भरून तो शहरातल्या प्रयोगशाळेत गेला. तो नसलेले दिवस मला लांबच लांब वाटले. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण आईने न विचारताच "येईल गं" म्हटलं.

रिमझिम पाऊस पडत असलेल्या एका दुपारी तो आला. चहाला हात लावला नाही.

"सांगायचं आहे... पण चांगलं नाहीये."

"सांगा."

"तळ्यात मासे भरपूर आहेत. पण सगळे एकाच घरातले. आईकडून बघा, बापाकडून बघा, पूर्वज तेच. प्रत्येकात थोडाफार दोष असतोच. आईकडून आलेला दोष बापाकडून आलेल्या चांगल्या गोष्टीखाली झाकला जातो. इथे दोघांकडून तोच दोष येतो. मग झाकणार कोण?" तो थांबला. "पिढीगणिक वाढतच जाणार हे."

"म्हणजे पाणी, खाद्य..."

"पाणी उत्तम आहे. आणि तुमच्याइतके स्वच्छ ट्रे मी कुठे पाहिले नाहीत." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तुमचं काही चुकलेलं नाही."

मी खिडकीकडे तोंड वळवलं. हे वाक्य ऐकायची मला किती गरज होती, ते डोळे भरून आले तेव्हा कळलं.

पण दारात बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माझ्या माशांत खोट काढायला आलास?" आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त भीतीदायक होतं. "चहा पी आणि नीघ."

बाबा निघून गेल्यावर मी विचारलं, "उपाय काय यावर?"

"त्याच जातीचे, पण नात्यात नसलेले मासे आणायचे. पण तुमच्या बाबांचा तो ओढा केव्हाच आटलाय. आणि माझे साहेब म्हणतात, हे मासे मुळात बाहेरून आणलेले, संपले तर संपू देत."

"तुम्हालाही तसंच वाटतं?"

"इथे येण्याआधी वाटायचं. आता... ओढा गेला, म्हणजे ही जात उरली ती इथेच. ते एक आहेच." तो कपात बघू लागला. "शिवाय मी आता तटस्थ राहिलेलो नाही."

पाऊस छपरावर वाजत होता. मी म्हणाले, "ओढ्यातले मासे आणखी एका ठिकाणी आहेत. काकाकडे."

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला त्याचं छोटं तळं होतं. माझ्या जन्माआधीच दोघांचं बोलणं तुटलेलं. आमच्या घरात त्याचा विषयही निघत नसे.

दुसऱ्या दिवशी बाबांना न सांगता आम्ही दोघं निघालो. काका काठावरच भेटला, एका पायाने लंगडत. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "नाक आईचं घेतलंस. चांगलं केलंस."

"काका, मासे कसे आहेत तुमचे?"

"ठणठणीत!" मग इकडे तिकडे बघून, "गेल्या वर्षी निम्मी अंडी गेली. बापाला सांगू नकोस."

टोकं कापायला हवे तेवढे मासे त्याने आम्हाला पकडू दिले. काम चालू असताना मी विचारलं, "तुमचं बिनसलं कशावरून?"

काकाने हातातलं जाळं काठावर ठेवलं. "मासे वर आणताना मी घसरलो. गुडघा फुटला, कॅन उलटला. तुझ्या बापाने आधी मासे वेचले. एकेक करून. मग माझ्याकडे बघितलं." त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "पाय बरा झाल्यावर मी एकटा ओढ्यावर गेलो आणि माझे मासे वेगळे आणले. वेगळ्या तळ्यात."

परतताना वाट निसरडी झाली होती. भरलेल्या नळ्यांची पेटी शेपटीवाल्याच्या हातात, पुढे मी. एका वळणावर माझा पाय सटकला...

"अगं, सांभाळ!"

पेटी धाडकन पडली. त्याचे दोन्ही हात माझ्या दंडांना. नळ्या उतारावरून गडगडत चाललेल्या.

"अरे, नळ्या!" मी ओरडले.

"जाऊ देत. पाय दाखव आधी. टेकवता येतोय? दुखतंय का?"

तो गुडघ्यांवर चिखलात बसून माझा घोटा तपासत होता, आणि आमच्या मागे त्याची सगळी मेहनत गवतात विखुरली होती. एकदाही त्याने वळून पाहिलं नाही.

"नाही दुखत," मी शेवटी म्हटलं. "...तू ऊठ आता."

दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, 'तुम्ही' कुठेतरी मागेच राहिलं होतं. मग अंधारून येईपर्यंत आम्ही गवतात नळ्या शोधत राहिलो. हात एकाच नळीकडे जायचे. चुकून... आणि नंतर नंतर मुद्दाम.

काही आठवड्यांनी त्याने फोनवर निकाल सांगितला. काकाचे मासेही आपापसातलेच, पण त्यांचे दोष वेगळे होते. आमच्या माशांतलं जे चांगलं हरवलं होतं, त्यातलं बरंच काकाकडे टिकलं होतं, आणि काकाकडे हरवलेलं आमच्याकडे.

त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना सगळं सांगून टाकलं. आईचा हात वाढता वाढता थांबला. बाबांनी मान वर न करता विचारलं,

"गुडघा अजून दुखतो का त्याचा?"

"थंडीत दुखतो म्हणाले."

बाबांनी ताट बाजूला सारलं.

सकाळी ते घरात नव्हते. दिवसभर आई दारात येरझारा घालत होती. संध्याकाळी काकाची गाडी आली. पुढे दोघे भाऊ, मागे माशांची टाकी, आणि झाकण किती उघडं ठेवायचं यावरून कडाक्याचं भांडण चाललेलं. त्यांचं काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. उतरल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "शेपटीवाल्याला बोलाव."

काकाचे मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवले. रोग नाही ना, ते बघायला. मग अंड्यांचा हंगाम आला. आम्ही तीन प्रकारचे ट्रे मांडले, आमचे, काकाचे आणि मिश्र. पहिल्या दोन्हींत पांढरी अंडी रोज वेचावी लागत होती. तिसऱ्यावर मी नजर टाकायलाही घाबरत होते.

"बघ ना," शेपटीवाला म्हणाला.

नारिंगी अंड्यांत काळे ठिपके उमटले होते. डोळे. जवळजवळ प्रत्येक अंड्यातून दोन इवले डोळे माझ्याकडे बघत होते. मागे बाबा आणि काका खांद्याला खांदा लावून वाकले होते, आणि चक्क एकही जण भांडत नव्हता.

"लगेच हुरळून जाऊ नका," शेपटीवाला बजावत होता. "ही पहिलीच पिढी आहे. पुन्हा तळी बंद ठेवलीत तर पुन्हा तेच होईल. देवाणघेवाण चालू ठेवावी लागेल." पण सगळ्यांत जास्त हुरळलेला तोच दिसत होता.

पिल्लं बोटाएवढी झाली तेव्हा ती तळ्यात सोडली. सरळ पाठीची, चपळ. बाबा आणि काका रिकामी भांडी घेऊन वर गेले. आम्ही दोघं काठावर राहिलो.

"काम संपलं माझं," तो म्हणाला.

"हं."

"समुद्राकाठी एक नोकरी आहे. विचारलंय त्यांनी..."

"हं."

"पण मला वाटतं, पुढची पिढी कशी निघते ते बघायला कुणीतरी थांबायला हवं. तीनेक वर्षं लागतील."

"आणि त्याच्या पुढची?"

"आणखी तीनेक."

"किती पिढ्या बघायच्यात तुला?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आयुष्यात बसतील तेवढ्या..."

"माशांचं राहू दे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "सरळ सांग."

त्याने चष्मा काढला. "चष्म्याशिवाय मला तू नीट दिसत नाहीस, म्हणून धीर होईल असं वाटतंय. मला तू आवडतेस. पहिल्या सकाळी ओरडलीस तेव्हापासून. मला इथे राहायचंय. तुझ्याबरोबर. तू... तू म्हणशील तर."

वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या उठवल्या. मी त्याच्या हातातला चष्मा घेतला, माझ्या ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर चढवला.

"आता नीट बघ," मी म्हणाले. "मी हो म्हणतेय."

त्याने माझा हात हातात घेतला. दोघांचेही हात गार पडले होते, दोघांच्याही हातांना माशांचा वास येत होता. ते धुवायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.