भिंगबाईचा डबा

"अहो! अहो, तिथे नका ठेवू—"

पण तोवर ठेवून झालं होतं. पावांचा भलामोठा ट्रे टेबलावर दाणकन आदळला आणि तो आणणाऱ्या तरुणाने हुश्श करत दोन्ही हात एकमेकांवर झटकले. खिडकीतून आलेल्या उन्हात पिठाचा एक पांढरा ढग उठला, जरासा तरंगला... आणि अगदी निवांतपणे तिच्या उघड्या डब्यात उतरला.

चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला भिंगबाई म्हणत. तयार काच दिव्यासमोर धरायची आणि तिच्यातला केसाएवढा ओरखडाही हुडकून काढायचा, हे तिचं काम. वयाने लहान, अंगाने बारकी. पण तिने एकदा 'नापास' म्हटलेली काच खुद्द मालकालासुद्धा पास करून घेता येत नसे.

भिंगबाईने डब्याकडे पाहिलं. मोकळा भात, परतलेले बटाटे, मक्याचे दाणे, कडेला उकडलेलं अंडं. सकाळी झोप मोडून स्वतःच्या हाताने भरलेला डबा. ती उठली, कोपऱ्यातल्या बादलीपाशी गेली आणि तिने तो आख्खा उपडा केला.

कॅन्टीनमधल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

"हे काय केलंत?" तो तरुण अवाक झाला. बेकरीची गाडी रोज आणणारा म्हातारा आजारी होता, म्हणून बेकरीवाल्याचा मुलगा स्वतः आला होता. "मी जवळ आलो म्हणून भरला डबा फेकलात? माझ्या हाताला काय विष लागलंय?"

"हो," ती म्हणाली.

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा पाहून थांबला.

"गव्हाचं पीठ. तुमच्यासाठी पीठ, माझ्यासाठी विष. कणभर पोटात गेलं तरी मी आठवडाभर आडवी होते. लहानपणी डॉक्टरांना कारण सापडेपर्यंत मी नुसता हाडांचा सापळा झाले होते. आणखी काही विचारायचंय?"

"नाही... म्हणजे, हो. आता तुम्ही जेवणार काय?"

"तुमच्यावरचा राग."

"पोट भरेल?"

"भरेल. भरपूर आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रे बाहेरच्या बाहेर उतरवले. अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात घासले, गाडीतून धुतलेला शर्ट काढून घातला आणि तिच्या टेबलापासून चांगलं लांब उभं राहून शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे पुढे केले.

"बघा."

तिने तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. सगळं कॅन्टीन बघत होतं.

"उजवा अंगठा. नखाखाली."

तो निमूटपणे परत नळावर गेला. बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. तिसऱ्या दिवशी तो नखं अगदी मुळापर्यंत कापून आला.

"आता?"

"आता... पास."

"ऐकलंत का हो सगळे!" तो कॅन्टीनभर ओरडला. "भिंगबाईंनी पास केलं!"

ती लाजली नाही. लाजणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण त्या दुपारी एक काच ती उलटी धरून कितीतरी वेळ बघत बसली, हे मात्र खरं.

म्हातारा बरा झाला, तरी गाडीवर मुलगाच येत राहिला. "पाव तेवढेच," मुकादमबाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "पण उतरवायला वेळ मात्र वाढलाय हं हल्ली." पाववाला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. मध्ये एखादा माणूस झोपेल एवढं अंतर. तिथून तो बोलायचा, ती जेवायची, आणि दोघांनाही अंतर आवडेनासं होत चाललं होतं.

मग एक दिवस तो डबा घेऊन आला.

"हे काय नवीन?" तिने विचारलं.

"जेवण. नवा डबा, नवा चमचा, नवं पातेलं. एका मित्राच्या खोलीवर शिजवतो. तो पठ्ठ्या भाताशिवाय काही खात नाही, त्याच्याकडे पिठाचा डबाच नाही."

"माझ्यासाठी आणलाय?"

"छे. मला खायला. तुम्हाला विचारणारसुद्धा नाही."

"का?"

"तुम्ही नाही म्हणाल." तो भातात चमचा घोळवत म्हणाला. "आणि ते बरोबरच असेल."

आयुष्यभर लोक तिला आग्रह करत आले होते. एवढंसं खा, काही होत नाही. आमच्या घरी सगळं स्वच्छ असतं. देवाचं नाव घे आणि खा. शाळेत वाढदिवसाचा केक नाकारला म्हणून मैत्रिणी रुसल्या होत्या. ठरत आलेलं एक लग्न 'हिच्यासाठी वेगळी चूल कोण मांडणार' या एका वाक्यावर मोडलं होतं. नाही म्हणता म्हणता तिच्या आवाजाला धार आली होती. आणि हा समोर बसून आपला आपण बटाटे खात होता... विचारतसुद्धा नव्हता!

असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी ती उठली, मधलं सगळं अंतर ओलांडून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने आपला चमचा त्याच्या डब्यात घातला. त्याचा घास हातातच राहिला. तिने सावकाश चावलं. गिळलं.

"मीठ कमी आहे तुझ्या बटाट्यात."

"तुझ्या?" तो हळूच म्हणाला.

"मी बटाट्याबद्दल बोलतेय."

"मीही तेच ना..."

संध्याकाळपर्यंत तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. झोप तेवढी उडाली होती, पण ते दुखणं वेगळं होतं.

"काय म्हणावं तुला!" घरी आईने कपाळाला हात लावला. "सगळं जग सोडून बेकरीत? अगं, पिठाच्या कोठारात जाऊन पडणार आहेस का?"

"कोठारात नाही गं. त्याच्या आईने फक्त जेवायला बोलावलंय."

"आणि डबा?"

"नेणार."

"लोकांच्या घरी जेवायला जाताना डबा नेतात का कुणी?"

"मी नेते."

बेकरीच्या मागेच त्यांचं घर होतं. आई, वडील आणि आत्या. वडील अबोल, आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून त्यांच्या भुवयाही भाजल्यासारख्या तांबूस झाल्या होत्या. आईने तिच्यासाठी नवी पातेली घेतली होती, ओटा सोड्याने घासला होता. भात, भाजी, रस्सा. सगळं तिला चालेल असं. आत्याबाईंची नजर मात्र तिच्या मांडीवरच्या पिशवीवर.

"पाहुणी डबा घेऊन आली! आमच्या घरचं पचत नाही वाटतं."

"सवय आहे, आत्याबाई. राग मानू नका."

ठरल्याप्रमाणे आधी तो जेवणार आणि मग ती. त्याने रस्स्याचा एक घास घेतला... आणि चमचा खाली ठेवला.

"आई, रस्सा दाट कशाने केलास?"

"बटाटा कुस्करून. का रे?"

"नाही. यात मैदा आहे."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नणंदेकडे पाहिलं.

"एक चमचा," आत्याबाई हनुवटी वर करून म्हणाल्या. "मीच घातला. म्हटलं, बघू तरी, खरंच काही होतं की नुसती थेरं आहेत. उद्या सून म्हणून येणार, तर आधीच कळलेलं बरं."

अशा वेळी काय करायचं ते भिंगबाईला पाठ होतं. भूक नाही म्हणायचं, हसायचं, घरी जाऊन रडायचं. आजवर तेच केलं होतं. पण आज तिने पिशवीतून डबा काढला, समोरचं ताट बाजूला सारलं, डबा टेबलाच्या मधोमध ठेवून उघडला आणि जेवायला सुरुवात केली. घाई न करता, एकेक घास चावून.

"आत्याबाई, तुम्हाला बघायचं होतं ना? बघा. मी जेवतेय. मला जे चालतं ते, तुमच्याच टेबलावर, तुमच्यासमोर." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "मी दिवसभर काचा तपासते. काच पक्की आहे का ते पाहायला मी ती फरशीवर आपटत नाही."

त्याने स्वतःचं ताट दूर लोटलं आणि तिच्याकडे हात केला.

"मला दे त्यातलं."

"मैद्याच्या चमच्याचा हात आहे तो. धुतलास?"

"...नाही."

"मग नाही."

अबोल वडिलांना अचानक जोराचा खोकला आला. बराच वेळ ते रुमालात तोंड घालून खोकत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

तिने शेवटचं शीतसुद्धा टिपून खाल्लं, डबा बंद केला आणि उठली. "काकू, तुमचा भात फार छान दिसत होता. मला खाता आला नाही याचं खरंच वाईट वाटतं." आणि तो उठायच्या आत ती दाराबाहेर पडलीही.

त्यानंतर गाडीवर पुन्हा म्हातारा यायला लागला.

एक दिवस गेला, दुसरा गेला. "वयाने मोठी आहे ती आत्या," घरी तिची आई म्हणाली. "दोन शब्द नमतं घेतलंस तर काय झिजणार आहे तुझं?"

"चूक त्यांची, आणि नमू मी? नाही जमायचं."

त्या आठवड्यात ती डबे असे भरायची, जणू कुणाशी भांडतेय. भोपळ्याच्या फोडी खटाखट कापायची, अंडी आपटून फोडायची, झाकण दाबून बसवायची. कारखान्यात नापास काचांचा ढीग वाढला. आणि दुपारी कॅन्टीनमध्ये ताज्या पावांचा ऊबदार वास दरवळला की तिची नजर दाराकडे जायची. खाता न येणारा तो वास तिला लहानपणापासून आवडायचा. आता तर त्या वासाला एक चेहराही होता.

मग एका दुपारी कारखान्याच्या फाटकाशी त्याची आई उभी दिसली. आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, पदर घट्ट खोचून.

"जवळ येऊ का?" तिने लांबूनच विचारलं. "पीठ नाही कुठे."

भिंगबाई स्वतःच पुढे झाली.

"चमचा माझा नव्हता पोरी, पण स्वयंपाकघर माझं होतं. म्हणून माफी मागायला आले." तिने एक श्वास घेतला. "लग्न झाल्यापासून नणंदबाई माझ्या भांड्यांत हात घालतात आणि मी गप्प बसते. तू गेल्यावर मी पहिल्यांदा म्हटलं... माझ्या ओट्यापासून बाजूला व्हा."

"मग?"

"मग काय, झाल्या की!" काकूंच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. "एवढंच होतं गं ते. एवढंच! उगाच इतकी वर्षं..."

दोघी हसल्या. मग भिंगबाईने बुटाच्या टोकाने माती उकरली. "आणि... तो?"

"तोंड लपवून बसलाय. म्हणतो, मीच तिला त्या टेबलावर नेऊन बसवलं. शिंप्याच्या दुकानासमोर वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यात, दिवसभर तिथेच काहीतरी घासत असतो. मी जा म्हणत नाही, नको जाऊस असंही म्हणत नाही. तुझं तू बघ."

ती गेली. काम सुटल्या सुटल्या, जवळजवळ पळतच.

दार उघडंच होतं. तो गुडघ्यांवर बसून फडताळ पुसत होता. तिला पाहताच उठला, फडकं हातातच.

"मी येणारच होतो... आधी हे आवरून—"

"आणि तोवर मी काय समजायचं? की सोडून दिलंस?"

"तुला तोंड दाखवायची लाज वाटली."

"लाज आत्याबाईंना वाटू दे." ती आत आली. ओटा लखलखीत, मांडणी कोरी. एक वाटी नाही, चमचा नाही. "रिकामंच आहे सगळं?"

"तू आणशील तेच येईल इथे. तुला हवं असेल तर... मी बेकरीही सोडतो."

"खबरदार! तुला कुणी सांगितलं सोडायला? चांगली बेकरी आहे. पीठ तिकडे राहील, तिथेच आंघोळ करायची, कपडे बदलायचे, मग आपल्या घरी यायचं."

"आपल्या?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तू आपल्या म्हणालीस?"

"म्हणाले. आता नीट ऐक, मी पुन्हा सांगणार नाही. मी अशीच राहणार. आपल्या लग्नाच्या जेवणात मला जे चालतं तेच असेल, पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत. कुणाला नाही आवडलं तर त्याने आपला डबा आणावा. कबूल?"

"कबूल. बाबा तर विचारत होते, आंघोळ करून आलो तर सूनबाई घरात घेईल का."

तिला हसू आवरेना. मग ती एकदम गंभीर झाली आणि त्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. इतकी जवळ ती कधीच आली नव्हती. खिडकीतून तिरपं ऊन त्याच्या गालावर पडलं होतं. तिने त्याच्या ओठांकडे बारकाईने पाहिलं, दिव्यासमोर काच धरल्यासारखं.

"आज सकाळपासून काय काय खाल्लंस?"

"भात. बटाटा. एक केळं."

"पाव?"

"नाही."

"बिस्कीट? केक? भट्टीतून निघाल्यावर चव बघायला एखादा तुकडा?"

"नाही. चव बाबा बघतात." तो घुटमळला. "आज नाही, काल नाही... कितीतरी दिवस नाही."

"का?"

त्याचे कान लालबुंद झाले. "तू हे कधी विचारशील, ते माहीत नव्हतं ना..."

भिंगबाईने आयुष्यात पहिल्यांदा, आणखी काही न तपासता, डोळे मिटले.

"अगं... समोर शिंपी बघतोय," तो पुटपुटला.

"बघू दे," ती म्हणाली, आणि खिडकी उघडीच राहू दिली.