हिरव्या बांगड्यांचं अनुमान

मंचरच्या स्टँडवर सुदर्शन अचानक समोर आला. मी हसणार, तोच त्याची नजर माझ्या मनगटांवर गेली. हातभर हिरव्या बांगड्या.

"अभिनंदन, मॅडम," म्हणाला... आणि वळलाच.

माझा नुसता भडका उडाला.

तो वनखात्यात. आणे गावातल्या आमच्या शाळेत बिबट्याची माहितीपत्रकं घेऊन पहिल्यांदा आला, तेव्हा वर्गात म्हणाला, बिबट्या माणसाला घाबरतो. माझ्या सातवीला मी एकच सवय लावलीय – वाचून काही ठरवलंत, तर मजकुरातली ओळ दाखवा. हर्षालीनं लगेच विचारलं, कशावरून, सर? बिचारा पत्रक उलटंसुलटं करत राहिला, कान लालबुंद. पुढच्या खेपेला त्या ओळीखाली रेघ मारूनच आला. मग येतच राहिला. व्हरांड्यात चहा, कप देताना उगाच रेंगाळणारी बोटं...

आणि ठशावरून बिबट्याची मादी ओळखणाऱ्या या माणसाला बांगड्या वाचता येऊ नयेत? लग्नघरी कासार आला की घरातल्या झाडून साऱ्या पोरीबाळींचे हात हिरवे होतात, हे जुन्नरच्याच माणसाला सांगायचं?

रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. त्याआधी एक जण बोलेल, असं मी आईला सांगून बसले होते. तो एक जण अभिनंदन करून चालला होता.

"थांबा," मी म्हटलं. "माझं लग्न ठरलं, हे कशावरून?"

"बांगड्या..."

"नवरीच्या अंगाला हळद असते. कुठंय? हर्षाली शून्य देईल तुम्हाला."

"मग लगीन कुणाचं हाय?" त्याची शाळेतली भाषा पार गळून पडली.

चुलतबहिणीचं, म्हटल्यावर तो हसायला लागला. मला आणखीच राग आला. रविवारचं सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. कांद्याचा ट्रक धडधडत गेला, तसा तो जवळ सरकला.

"शनिवारी आईला घिऊन येतो. लई दिस बोलायचं व्हतं, पर तुमी इचारलं असतं, कशावरून."

"विचारतेच आहे."

"पत्रकं कवाच संपली व्हती, मॅडम. मी तीच ती परत आणत व्हतो."

"माहितीय. तुमचीच रेघ होती त्यांवर."

राग काही गेला नव्हता अजून. पण आण्याची एसटी लागली, भरली, निघूनही गेली... आणि मी चढले नाही.