उजवी नळी

घरातलं सगळं सामान ट्रकमध्ये बसलं, एक बंदूक सोडून. तिचे लाड वेगळे. दुसऱ्या राज्यात बंदूक न्यायची म्हणजे जुन्या ठाण्याची ना-हरकत हवी, प्रवासाचा परवाना हवा, काडतुसांच्या डब्यावर लाखेचं सील हवं, आणि मालकाने ती स्वतःच्या हातानेच नेली पाहिजे. म्हणून बायको आणि मुलगी ट्रकवाल्याशेजारी बसून पुढे गेल्या आणि गनमन मागून बसने निघाला, मांडीवर लांबट पेटी घेऊन.

"वाद्य आहे का?" शेजारच्या प्रवाशाने विचारलं.

"हो. पण दोनच सूर निघतात," गनमन म्हणाला.

गनमन हा त्याचा हुद्दा, आणि आता जवळजवळ नावच. बँकेच्या दारात स्वतःची परवान्याची बंदूक घेऊन उभं राहायचं, एवढंच काम त्याने बारा वर्षं केलं होतं. बंदूक दुनळी, वडिलांकडून आलेली. नव्या शहरातल्या मोठ्या बँकेने त्याला बोलावलं ते या बंदुकीसकट. अट एकच होती : तीस दिवसांत तिची नोंद या राज्याच्या वहीत झाली पाहिजे, मगच कामावर रुजू व्हायचं.

घर म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. शिंपीच घरमालक. स्वयंपाकघरात भरपूर उजेड, बाहेरच्या खोलीत रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, भिंती फिकट निळ्या. नाव ठेवायला जागा एकच होती. खिडकीसमोरच्या भिंतीवर तळहाताएवढा गिलाव्याचा डाग होता. कुणीतरी खड्डा बुजवून वरून रंग फासावा, तसा.

"तो घर बांधल्यापासूनचाच," शिंपी म्हणाला. "कितीदा लिंपला, दर पावसाळ्यानंतर पुन्हा आपला तिथंच."

"काय झालं होतं तिथे?"

"कुठे काय? आजवर तरी काही झालेलं नाही." शिंप्याने गळ्यातली टेप सारखी केली आणि तो खाली गेला.

सामान अजून दोऱ्यांनी बांधलेलंच होतं, पण मुलीने आपली पट्टी आधी मोकळी केली. ही पट्टी म्हणजे त्या घराचा खरा दस्तऐवज. भाड्याच्या घरांतून फिरणाऱ्यांना पोरांची उंची भिंतीवर आखून चालत नाही, भिंती मागे राहतात. म्हणून बायकोने मुलगी पहिल्यांदा उभी राहिली त्या दिवशी सुताराकडून एक लांब लाकडी पट्टी आणली होती आणि दर काही महिन्यांनी तिच्यावर पेन्सिलीने रेघ मारत होती. घरं चार झाली, पट्टी तीच. मुलीला घरात सगळे टिचकी म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती टिचभर होती. आता आठ वर्षांची झाली होती, पण वर्गात पहिल्या बाकावरच बसायची आणि त्याचा तिला भयंकर राग यायचा.

वडिलांनी गनमनला एक शिस्त लावली होती. नव्या घरात पाय ठेवला की आधी बंदूक मधून उघडायची आणि रिकाम्या नळ्यांतून उजेड बघायचा. डोळा मागच्या बाजूला, तोंड भिंतीकडे. दोन्हीकडे उजेड गोल दिसला की मग चहा. त्याने पेटी उघडली, बंदूक मोडली, डावी नळी डोळ्याला लावली. निळ्या भिंतीचा गोल आणि मधोमध तो डाग. ठीक.

उजव्या नळीत काहीतरी लाल होतं.

प्रवासात धागा अडकला असेल, असं म्हणून त्याने गजाला चिंधी लावून नळी आरपार पुसली. चिंधी पांढरीच निघाली. त्याने पुन्हा डोळा लावला. निळी भिंत होती, पण तिच्यावर डाग नव्हता. डाग जिथे असायला हवा तिथे लाल रिबिनीचं फूल होतं, वेणीला वरून बांधतात तसलं. ते जरासं हललं.

गनमन भुताखेतांतला नव्हता. बारा वर्षं बँकेच्या दारात काढलेला माणूस फक्त माणसांना भितो. तो शांतपणे खिडकीकडे वळला आणि त्याने बंदूक आभाळाकडे धरली. डाव्या नळीत आभाळ होतं. उजव्या नळीत तीच भिंत, तीच रिबीन.

"अहो, चहा गार होतोय," आतून बायको म्हणाली.

"आलो," तो म्हणाला आणि बंदूक मिटून पेटीत ठेवली.

डोळ्यांना प्रवासाचा शीण आला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत काढली. ती समजूत तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी टिचकी नव्या शाळेतून उड्या मारत आली. "बाबा, इथे पांढऱ्या रिबिनी चालत नाहीत! सगळ्यांच्या लाल!" बायकोने खालच्या शिंप्याकडूनच लाल फीत आणली आणि कापून तिच्या दोन केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही वेण्या वर दुमडून तिने फुलं बांधली, आणि टिचकी खिडकीतल्या आरशात बघायला म्हणून नेमकी त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"तिथून हो बाजूला!" गनमन ओरडला. इतका, की खालचं शिलाईचं मशीन थांबलं.

त्याच दिवशी तो हत्यारांच्या कचेरीत गेला. "माझी बंदूक आजच्या आज जमा करून घ्या," तो म्हणाला.

कारकुनाने कागद उलटेपालटे केले. "जुन्या राज्याने तुमची बंदूक त्यांच्या वहीतून कमी केली. आमच्या वहीत ती अजून चढलेली नाही. म्हणजे आमच्या लेखी ती नाहीच. जी नाही ती ठेवून कशी घेऊ?"

"मग विकतो."

"विकायला इथला वर्षाचा रहिवास लागतो."

"नदीत टाकली तर?"

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. "तुरुंगात जाल. तपासणीचं पत्र येईल, तोवर घरी सांभाळा. घाबरण्यासारखं काय आहे त्यात? बंदूक तुमचीच ना?"

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली. गनमनने बंदुकीचे तीन तुकडे केले. दस्ता ट्रंकेत, पुढचं लाकूड डाळीच्या डब्यामागे, नळ्या माळ्यावर चादरीत गुंडाळून. सीलबंद काडतुसं कुलपात. भिंतीपुढे कपाट सरकवलं. बायको दोन दिवस नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "तुम्हाला झालंय तरी काय? जेवत नाही, पोरीवर खेकसता. नोकरीची काळजी आहे का?"

"हो," तो म्हणाला. खोटं बोलणं सोपं गेलं, याचंही त्याला वाईट वाटलं.

एका दुपारी घरात कुणी नसताना त्याने माळ्यावरून नळ्या काढल्या. बघायचं नव्हतं, पण जिभेने दुखरा दात चाचपतोच माणूस. रिबीन होतीच. या वेळी खाली थोडे केसही दिसले, आणि कानाची कड. कानाच्या पाळीला तीळ होता. टिचकीला आहे तसा.

त्याने नळ्या जमिनीवर ठेवल्या. मग त्याला एकदम सुचलं आणि त्याने कपाट ओढून बाजूला केलं, पट्टी आणून डागाशेजारी उभी केली. डागाचा मध्य मुलीच्या शेवटच्या रेघेपेक्षा चांगला तीन बोटं वर होता. त्याने पुन्हा मोजलं. तीन बोटं. टिचकीचं डोकं तिथवर पोचतच नव्हतं! गनमनला हसू आलं, रडूही आलं. विसरू नये म्हणून त्याने शिंप्याची लाल पेन्सिल मागून आणली आणि पट्टीवर डागाच्या उंचीची जाड रेघ ओढली.

संध्याकाळी टिचकीला ती दिसली. "बाबा, ही लाल कसली?"

"ती होय? काही नाही गं. अशीच एक खूण."

टिचकीने रेघेकडे बघितलं, मग बापाकडे बघून शहाण्यासारखी मान डोलावली.

अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं. शस्त्रागार कचेरीच्या तळघरात होतं. रांगेने बंदुका उभ्या, आणि झाडून सगळ्यांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे. धुळीसाठी असतील, असं गनमनला वाटलं. मिस्त्री म्हातारा होता. त्याने नंबर ताडला, बंदूक मोडली, डावी नळी दिव्याकडे धरली, वहीत खूण केली. मग उजवी धरली.

तो खूप वेळ बघत राहिला.

"घरी मुलगी आहे?" त्याने डोळा न काढता विचारलं.

"आहे."

"केवढी?"

गनमनने छातीच्या खाली हात धरून दाखवलं. मिस्त्रीने नळी खाली घेतली आणि त्या हाताकडे पाहिलं. जमिनीपासून हातापर्यंत, नीट.

"एवढीच ना. मग आज काही नाही," तो म्हणाला आणि उजव्या नळीत चिंधीचा बोळा घट्ट कोंबला.

"म्हणजे? तुम्हाला काय दिसलं?"

"माझं काम नंबर बघायचं," मिस्त्री म्हणाला. "पुढचे या."

वहीत नोंद झाली त्याच मिनिटाला गनमनने बंदूक जमा केली. कारकुनाने पावती फाडली. बिनबंदुकीचा गनमन बँकेला नको होता, म्हणून तो एका गोदामावर काठी घेऊन उभा राहू लागला. शिंप्याचं घरही सोडलं. नवं घर लांब होतं, भिंती पांढऱ्या. सामान आत यायच्या आधी त्याने चारही भिंतींवरून तळवा फिरवला. गुळगुळीत होत्या. त्या रात्री तो महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपला.

टिचकी मात्र भलतीच गुणी झाली. दुधासाठी आधी तिच्या मागे धावावं लागे, ती आता मागून पेला घेऊ लागली. शाळेतून आली की दाराच्या चौकटीला लोंबकळायची. "वाढतं वय आहे," बायको म्हणायची. गनमनही कौतुकाने बघायचा.

अकरा महिने गेले. एका रविवारी सकाळी कचेरीचं पत्र आलं. ठेवीची मुदत एक वर्षाची. हत्यार मालकाने स्वतः येऊन घरी न्यावे, त्यानंतरच विक्रीचा अर्ज विचारात घेतला जाईल. पावतीच्या मागे बारीक अक्षरात हे सगळं लिहिलेलं होतं, त्याने ते तेव्हा वाचलं नव्हतं.

"बाबा, इकडे या ना! लवकर!"

पत्र हातात धरून तो बाहेरच्या खोलीत आला. पट्टी भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्याशी टाचा जोडून टिचकी ताठ उभी होती. नुकत्याच घातलेल्या वेण्या, लाल फुलं. आई डोक्यावर वही आडवी धरून रेघ बघत होती.

"अगं बाई," आई हसून म्हणाली, "बरोब्बर आली की!"

"बाबांनी आखून दिली होती ना लाल खूण!" टिचकीचे डोळे चमकत होते. "मी रोज लोंबकळले. बाबा, जिंकले ना मी?"

पत्र त्याने खिशात कोंबलं. त्याने तिला दंडाला धरून पुढे ओढलं आणि पट्टी उचलली.

मागच्या पांढऱ्या भिंतीवर, लाल रेघेच्या उंचीला, तळहाताएवढा गिलावा ओला होता.