निळ्या पट्ट्याचा डबा

मे अखेरच्या डेकोरेशन डेच्या आदल्या दुपारी लोर्ना हॅस्केट पिओनीची फुलं गाडीत घालून निघाली. आयोवात त्या दिवशी कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पाणी भरून, फुलं खोचून, घरच्या थडग्यांवर ठेवतात. लोर्नाची आई दरवर्षी एक डबा जास्तीचा भरायची. त्याला निळा पट्टा ओढून दफनभूमीच्या फाटकाशी ठेवायची. दुसऱ्या दिवशी तेवढाच डबा गायब. चोरांची चंगळ आहे, म्हणून लोर्ना चिडवायची. आई म्हणायची, "माझ्या आईनं ठेवला म्हणून मी ठेवते. नेणाऱ्याला गरज असेल."

आई हिवाळ्यात गेली. त्यानंतर लोर्नानं घरची वंशावळ शोधायला घेतली. १८८०च्या जनगणनेत वेडे, आंधळे, अनाथ, कैदी यांची वेगळी मोजदाद झाली होती. त्यात पणजी सापडली. बाळंतपणात गेली असं सांगितलेली थेक्ला. वय अठ्ठावीस. वेड, बाळंतपणानंतर. रात्री कोंडावं लागतं का? होय.

लोर्ना त्या रात्री खूप रडली. आपल्याला टाकून दिलं, असंच वाटत थेक्ला गेली असेल का, एवढं एकच तिला खात होतं.

थेक्लाला ठेवलेलं वेड्यांचं इस्पितळ चाळीस मैलांवर होतं, कधीचं बंद पडलेलं. राखणदार ऑरव्हिल तिला मागच्या दफनभूमीत घेऊन गेला. दगडांवर नुसते आकडे. कुठला आकडा कुणाचा, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"बायकांचा वॉर्ड तेवढा दाखवतो," तो म्हणाला. "पण बाई, शेवटच्या खोलीत मी जात नाही."

"का?"

"वास येतो. मे महिन्यात."

जिन्यात ओल होती, चुन्याचा कुबट दर्प होता. शेवटच्या दाराला बाहेरून लोखंडी कडी. ती काढताच आतून पिओनीचा वास आला... ताजा, गोड. खोली रिकामी. खिडकीच्या लाकडी फळीवर मात्र गंजाची गोल वळी उमटली होती, एकावर एक, डब्याच्या बुडाएवढी. एक अजून ओलं होतं.

लोर्नाला भीती वाटलीच, पण तिच्यावर मात करून काहीतरी उरात दाटून आलं. आईचा एकही डबा वाया गेला नव्हता. आईसारखाच निळा पट्टा ओढून आणलेला हातातला डबा तिनं त्या फळीवर ठेवला.

"थेक्ला पणजी... आम्ही विसरलो नव्हतो गं. तू डबे घेतलेस, फार उपकार झाले."

बाहेर पडताना ऑरव्हिलचा हात सवयीनं कडीकडे गेला.

"राहू दे उघडं," लोर्ना म्हणाली. त्यानं कडी लावली नाही.

सकाळी ती गावच्या दफनभूमीत गेली. आईच्या थडग्यावर डबे मांडलेले होते. गंजलेले, ओळीनं, प्रत्येकावर फिकट निळा पट्टा. सगळ्यांत ताजी फुलं. शेवटचा डबा कालचा होता, इस्पितळात ठेवलेला, काठोकाठ भरलेला.

लोर्नानं डोळे पुसले. आईचे आभार मानायला कुणीतरी चाळीस मैल चालत आलं होतं.

मग तिला दवात अनवाणी पावलं दिसली. ती थडग्यापासून निघून थेट तिच्या गाडीपर्यंत गेली होती, मागच्या दाराशी थांबली होती.

तिनं जाऊन मागचं दार उघडलं.

"बस, पणजी," ती हळूच म्हणाली. "घरी जाऊ."

गाडी किंचित खचली.