काळ्या पडद्यावरची नकोशी

ट्रॉलीला मागं लाल दिवा का नव्हता?

ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, पोलिसांना विचारलं. कुणी सांगितलं नाही. इंदापूर रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीत माझा थोरला भाऊ माधव मोटारसायकलसकट घुसला आणि जागीच गेला. टाकीवर पुढं बसलेली त्याची काळी कुत्री, नकोशी, उडून पाचटात पडली. तिला खरचटलंसुद्धा नाही.

पुढचं आमचे चुलते आप्पा सांगतात. लोणी भापकरला, डेअरीच्या ओट्यावर, जेवणं झाल्यावर, गावातल्या पोरांना. ओळखीच्या एका पोराची गोष्ट म्हणून. मी मागं अंधारात बसून ऐकतो.

"पंचवीस जानेवारीची रात्र. पावणेबारा वाजल्यालं. बारामतीत त्या पोराच्या भावाचा स्टुडिओ. भाऊ गेलेला. कुत्र्यामांजरांचं फोटू काढायचा."

"मांजर दात दाखवतंय व्हय, आप्पा?"

"तुझ्यापरीस बरं दाखवतंय. गप ऐक. सकाळी इकल्यालं दिवं न्यायला गिऱ्हाईक येणार हुतं. चालत्यात का बघावं म्हणून पोरगा गेला. कुत्री मागनं."

इथून मी सांगतो. तो पोरगा मीच.

काळं कुत्रं काळ्या पडद्यावर घ्यायचं तर मागून एक दिवा लावावा लागतो. त्यानं केसांच्या कडा उजळतात, नाहीतर कुत्रं पडद्यात विरून जातं. दादा तो दिवा सगळ्यात आधी लावायचा. समोरचा फ्लॅश नुसता तपासायचा असला, तरी नकोशीच्या डोळ्यांवर तळहात धरायचा.

मी नकोशीला पडद्यापुढं बसवलं. ना मागचा दिवा लावला, ना हात धरला.

फ्लॅश उडाला. नकोशी थरथरली. मी कॅमेऱ्यात बघितलं. काळोखात दोन डोळे. आणि तिच्या मानेवर एक हात. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं, कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटलेलं.

दादाचा हात.

पडदा वर केला. मागं भिंत.

परत फोटो काढला. आता ती शांत बसली होती. हात नव्हता.

मला कळलं. ती भ्याली की तो येतो.

सकाळी दिवे जाणार होते. एवढीच रात्र होती. मी तिला आखूड दोरीनं भिंतीतल्या कडीला बांधलं. पत्र्याचा डबा बडवला. दिवा तिच्या तोंडाशी नेला. फ्लॅश. परत फ्लॅश. ती पडद्यावर मुतली. अंग मागं ओढत राहिली. भुंकली नाही. दर फोटोत हात होता. मानेवर. पाठीवर.

"दादा, तोंड दाखव की... एकदाच..."

फ्लॅश.

"हिला वाचवलंस. मला टाकून गेलास."

फ्लॅश.

"दादा..."

शेवटच्या फोटोत हात तिच्या डोळ्यांवर होता.

मग... काहीच नाही.

दोरी ताणलेली. मानेत फास रुतलेला. नकोशी अजून गरम होती.

डोळे मिटलेले होते. मेलेल्या कुत्र्याचे डोळे उघडे राहतात, मी रस्त्यावर कितीतरी बघितलीत. तिचे मी मिटले नव्हते.

आप्पा पोरांना सांगतात, कुत्री म्हातारी होती. चार वर्षांची होती.

"मग त्या पोराचं काय झालं, आप्पा?"

आप्पा माझ्याकडं बघत नाहीत. "हाय कुठंतरी."

त्या पहाटे तिला काळ्या पडद्यात गुंडाळून मी इंदापूर रस्त्याला नेलं. दादा पडला तिथंच कडेला खड्डा खणला, हातानं माती लोटली. माझ्या गाडीच्या मागचा लाल रिफ्लेक्टर उचकटून काठीला बांधला. आणि काठी तिच्या उशाशी रोवली, येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून.